शाळा बांधायला मलावीला जावं, की तिकिटाचे पैसेच पाठवावेत?

हिशोबनीस
नमस्कार मंडळी. (आमच्या चर्चमध्येही 'मंडळी'च म्हणतात, त्यामुळे हात सवयीने तिकडेच वळला.)

आमच्या मंडळीतून चौदा जणांचा गट जुलैत आफ्रिकेतल्या मलावीला जायचा बेत आहे. देशाच्या दक्षिण भागात, मुलांजे डोंगराच्या बाजूला एका गावात शाळेच्या दोन वर्गखोल्या बांधायच्या. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं होतं, त्यात तिथली जुनी खोली पडली. सोळा दिवस, त्यातले चार प्रवासात. पाळकसाहेबांनी माझं नाव परस्पर यादीत घातलंय आणि माझा सतरा वर्षांचा मुलगा आत्तापासून बूट शोधतोय.

चौदा जणांत आयुष्यात कधी थापी हातात धरलेला माणूस एकच, तोही निवृत्त. बाकी दोन बँकवाले, एक दंतवैद्य, एक संगीतशिक्षिका, कॉलेजची पोरं, आणि मी. माझा जन्म व्हाउचरं तपासण्यात गेला. म्हणून सवयीने कागद घेऊन बसले. तिकिटं, लसी, विमा, राहणं, गाडी. शंभरातले सत्तरहून जास्त आमच्याच जाण्यायेण्यावर जाताहेत. सिमेंट, पत्रे आणि मजुरी उरलेल्यात.

हे सभेत बोलले, तर एक ज्येष्ठ म्हणाले, "बाई, सेवेचा हिशोब मांडायचा नसतो." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. असं कुणी जाऊन आलंय का? खरंच उपयोग होतो का? कृपया धर्माचा वाद नको.

फुलपात्र
जा. शंभर जण शंभर अकला शिकवतील. डोळ्यांनी बघून याल ते तुमचं.

कोपरा_नंबर_३
'धर्माचा वाद नको' असं लिहिलं की तो पाचव्या प्रतिसादात येतो. मी चहा घेऊन बसलोय.

तिरकीट
हिशोबनीस, तुमचा कागद बरोबर आहे आणि हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरासची वाताहत केली, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या चर्चांचे गटच्या गट घरं बांधायला गेले. तिथेच राहणाऱ्या कर्ट व्हर बीक नावाच्या एका ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञाने नंतर हिशोब मांडला. स्थानिक संस्थेने बांधलेलं घर साधारण २,००० डॉलरला पडत होतं. पाहुण्यांनी बांधलेल्या घरामागे त्यांच्या प्रवासासकट ३०,००० च्या आसपास. घर तेच! ज्यांना घरं मिळाली त्यांच्याशीही तो बोलला. पाहुण्यांनी बांधलं म्हणून त्या कुटुंबांच्या आयुष्यात काही वेगळा फरक पडलेला त्याला दिसला नाही.

आणि 'गेल्याने माणूस बदलतो, मग तो आयुष्यभर दान देतो' हे जे सांगतात ना, तेही त्याने तपासलं. परत आल्यावर लोक म्हणाले की आम्ही जास्त देऊ लागलो. प्रत्यक्ष देणग्यांचे आकडे पाहिले तर फारसा फरक नव्हता.

पैसे पाठवा. विषय संपला.

ओळंबा
विषय संपला नाही, तिरकीट. थोडं लांबण लावतो.

मी स्थापत्य अभियंता. बारा वर्षांपूर्वी केनियात, किसुमूच्या पुढच्या एका गावात, अशाच एका गटाबरोबर शाळा बांधायला गेलो होतो. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं मनाने चांगली होती.

पहिल्या दिवशी भिंतीवर आम्ही सगळे तुटून पडलो. हाताने पाडलेल्या भाजक्या विटा, एकीसारखी दुसरी नाही. आमच्यातला एक उत्साही पोरगा ढिगातून वीट उचलून थेट मालावर ठेवत होता. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, मग सांधा भुसभुशीत होतो, नखाने खरवडला तरी गळतो. हे मला माहीत होतं, पण मी नेमका सळया मोजण्यात गुंतलो होतो. तिथला मुख्य गवंडी पन्नाशीचा, अबोल. तो काही बोलला नाही. त्याने एक वीट उचलून बादलीत टाकली. बुडबुडे यायला लागले. पोरगा बघत राहिला, मग आम्ही सगळेच. बुडबुडे थांबले तशी त्याने वीट काढली, दोरीला लावली, थापीच्या मुठीने दोनदा ठोकली आणि पुढच्या विटेकडे वळला.

त्यानंतर विटा भिजवायचं काम आमच्याकडे आलं. खरं सांगतो, त्या चौदा दिवसांत आमच्या हातून बिनचूक झालेलं तेवढं एकच काम. आम्ही लावलेले दोन थर त्याने संध्याकाळी उतरवले. आमच्यासमोरच, आणि अजिबात लाज न वाटू देता.

पण झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. भिंतीला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. काँक्रीटची ताकद तर २८ दिवसांची धरतात. आम्ही दारं-खिडक्यांवरचा लिंटेलचा पट्टा बाराव्या दिवशी ओतला आणि चौदाव्या दिवशी निघालो, कारण विमान त्या दिवशी होतं. मग पाणी कोण मारणार? हापसा दीड किलोमीटरवर. निघताना गाडीतून दिसलं: डोक्यावर वीस लिटरचे पिवळे डबे घेतलेल्या मुलींची रांग चढ चढून बांधकामाकडे येत होती. दहा-बारा वर्षांच्या असतील. वार मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. आमची शाळा मजबूत व्हावी म्हणून त्यांची शाळा बुडत होती.

गाडीतले सगळे हात हलवत होते. मुलींना हात हलवता येत नव्हता, डबे धरलेले होते.

सत्यशोधन_एक्स्प्रेस
सगळं ठीक, पण मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाहीये. मिशन म्हटलं की शाळा हे निमित्त. गरिबाला वर्ग द्यायचा आणि बदल्यात त्याचा देव घ्यायचा. शाळाच बांधायची तर चर्च कशाला मध्ये?

कोपरा_नंबर_३
पाचवाच. मोजून घ्या.

कंदीलवाली
@सत्यशोधन_एक्स्प्रेस, मी स्वतः ख्रिस्ती आहे, तरी तुमचा प्रश्न मला गैर वाटत नाही. भाकरीच्या बदल्यात प्रार्थना म्हणायला लावणारे लोक मीही पाहिलेत, आणि त्यांची चीड आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त येते. पण तुम्ही देश चुकीचा निवडलात. २०१८ च्या जनगणनेत मलावीतले साधारण ७७ टक्के लोक ख्रिस्ती निघाले. स्कॉटिश मिशनरी तिथे १८७५ मध्येच पोचले होते. हिशोबनीसच्या मंडळीपेक्षा तिथल्या मंडळ्या मोठ्या आणि जुन्या असतील. सुवार्ता सांगायला गेलेच, तर तेच लोक यांना दोन वचनं जास्त ऐकवतील.

उलट हाच प्रश्न नेपाळमध्ये विचारा, तिथे तो खरा आहे. २०१५ च्या भूकंपानंतर तिकडे बरेच गट धावले. नेपाळात दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे, आणि टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी काम केलेलंही चालत नाही. आपण चार दिवसांनी परततो, चौकशी मागे राहिलेल्या स्थानिक पाळकाची होते.

सत्यशोधन_एक्स्प्रेस
७७ टक्के माहीत नव्हतं. मलावीपुरता मागे घेतो. बाकी मत कायम.

संपादक
धर्मांतर या विषयावर वेगळा धागा आहे. इथे शाळेवर राहू या.

झोंबाकर
उशिरा आलो. माझी चार वर्षं मलावीत गेली, नोकरीनिमित्त, झोंबा गावात. मिशनशी संबंध नाही, देवाशीही बेताचाच.

तिथे १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण मोफत झालं. शाळेतली मुलं एका फटक्यात १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. खोल्या नाहीत, शिक्षक नाहीत, पण मुलं आली. त्याचा ताण अजून उतरलेला नाही. पहिलीच्या वर्गात शंभरच्या वर पोरं मी स्वतः पाहिलीत, आंब्याच्या झाडाखाली, फळा झाडाला टेकवलेला. कोरड्या दिवसांत हे चालून जातं. नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की शाळा म्हणजे जेवढी मुलं छपराखाली मावतील तेवढीच. त्यामुळे खोल्यांची गरज नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

पण गावकऱ्यांशी बसून बोललात तर ते आधी काय मागतात ठाऊक आहे? शिक्षकाचं घर. खेड्यात राहायला जागा नसली की सरकारने नेमलेला शिक्षक टिकत नाही, बदली करून घेतो किंवा लांबून सायकल मारत येतो आणि पावसात येतच नाही. पगार सरकार देतं, अगदी चर्चच्या मालकीच्या शाळांतही. पण पगाराला छप्पर नसतं. आणि शिक्षकाच्या घराचा फोटो फारसा कुणाला काढावासा वाटत नाही. 'आम्ही शाळा बांधली' म्हणायला छाती फुगते, 'आम्ही मास्तरांचं दोन खोल्यांचं घर बांधलं' म्हणायला नाही.

दुसरं, विटा. गावकरी आपला वाटा म्हणून विटा पाडून भाजून देतात, वाळू आणतात; सिमेंट आणि पत्रे देणगीदाराचे. चांगली रीत आहे. पण भट्टीला लाकूड लागतं आणि डोंगर आधीच बोडके झालेत. बोडक्या डोंगरावर फ्रेडीसारखा पाऊस झाला की डोंगरच खाली येतो. ब्लँटायर शहरात लोक त्यातच गाडले गेले. म्हणून माती-सिमेंटच्या, यंत्रात दाबून केलेल्या, न भाजता वापरायच्या विटा मिळतील का, हे नक्की विचारा.

फुलपात्र
मी 'जा' म्हणाले होते ते जरा मागे घेते. पूर्ण नाही, जरासं.

पायपीट
अवांतर, पण महत्त्वाचं. हिवतापाच्या गोळ्यांचं कुणी बोललं नाही. जुलैत डास कमी असतात, शून्य नसतात. डॉक्सीसायक्लिन परत आल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते आणि उन्हात कातडी भाजते, म्हणजे बांधकामावर त्रासच. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस पुरते, पण महाग. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच असते म्हणून लोक भुलतात. मला तिने अशी स्वप्नं दाखवली की तिसऱ्या रात्री मी उशीला दाराआड लपवत होतो. डॉक्टरांना आधी भेटा, विमानतळावर नको.

झोंबाकर
@पायपीट, मलावीचा मिशन-इतिहास म्हणजे हिवतापापासून पळण्याचा इतिहास आहे. कंदीलवाली म्हणतात ते १८७५ चे स्कॉटिश लोक आधी मलावी सरोवराकाठी केप मॅक्लिअरला वसले. माणसं दगावायला लागली तसे बांदावेला सरकले. तिथेही तेच. शेवटी १८९४ मध्ये डोंगरावर खोंडोवेला चढले, आज त्या जागेला लिव्हिंगस्टोनिया म्हणतात.

आणि हिशोबनीस, शेवटचे दोन दिवस 'विश्रांतीसाठी सरोवरावर' असं वेळापत्रकात असेलच. पाणी आरशासारखं दिसतं. त्यात गोगलगाई असतात आणि त्यांच्यातून बिलहार्झिया या रोगाचे जंतू कातडीतून आत शिरतात. पोहायचंच असेल तर परत आल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करून प्राझिक्वाँटेल घ्या. मी घेतली आहे. दोनदा. शहाणपण एकदाच्या गोळीने येत नाही.

कोपरा_नंबर_३
शाळा बांधायला निघालेला धागा आता दवाखाना बांधतोय.

मृगजळ_नको
एक कळकळीची विनंती. 'एक दिवस अनाथालयाला भेट' असं काही असेल तर खोडून टाका. पाहुणे येतात, मुलांना मांडीवर घेतात, खाऊ देतात, फोटो, निरोप. पुढच्या आठवड्यात नवे पाहुणे. त्या पोरांना किती वेळा कुणीतरी सोडून जायचं? शिवाय पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून आईबाप जिवंत असलेली मुलंही अशा जागी आणून ठेवतात. कंबोडिया, नेपाळमध्ये हे खूप झालं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळच्या चर्चेत अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा मोठा मुद्दा होता.

माझी एक सहकारी मलावीचीच आहे. तिला विचारलं, शाळेत पाहुणे आल्याचं काय आठवतं? हसून म्हणाली, "स्वागतगीत." पाहुणे यायच्या आधी दोन आठवडे गणिताच्या तासाला स्वागतगीताची तालीम. "अजून पाठ आहे. भागाकार मात्र मला भावाने शिकवला."

तिरकीट
मी हेच तर सांगतोय. एका धर्मगुरूनेच हे १९६८ मध्ये सांगून ठेवलंय. इव्हान इलिच. मेक्सिकोत क्वेर्नाव्हाकाला अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांसमोर त्याला भाषणाला बोलावलं होतं, आणि त्याने त्यांना तोंडावर सांगितलं की बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका. बोलावणाऱ्यांचे चेहरे बघायला आवडलं असतं.

कंदीलवाली
त्याच्याही आधीचा दाखला देऊ? बायबलातला नहेम्या. यरुशलेमचा तट पडलेला, हा शूशनच्या राजवाड्यातला नोकर. राजाची परवानगी आणि लाकूड घेऊन आला. आल्या आल्या विटा रचायला बसला नाही. तीन दिवस गप्प, मग रात्री जनावरावर बसून, मोजकी माणसं बरोबर घेऊन तट फिरून पाहिला, मग गावच्या लोकांशी बोलला. तिसरा अध्याय वाचा, सगळी यादीच आहे: कोणी कुठला भाग बांधला. बरेच जण आपापल्या घरासमोरचा. बावन्न दिवसांत तट उभा. यादीत सोनार आहेत, गांधी (म्हणजे अत्तरवाले) आहेत. दंतवैद्य तेवढा नाही.

तिरकीट
आणि पौल? यरुशलेमातल्या गरिबांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखयातून वर्गणी गोळा केली. पैसेच पाठवले ना? बांधकामाचा गट पाठवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

कंदीलवाली
वर्गणी पोचवायला तो स्वतः गेला, तिरकीट. मंडळ्यांची माणसं बरोबर घेऊन. पैसे गेले, माणसंही गेली, फक्त गवंडी म्हणून गेली नाहीत. आणि तुम्ही नास्तिक असून पवित्र शास्त्र बरंच वाचलंय, आमच्या तरुण संघात या.

तिरकीट
तिकीट कोण देणार?

ओळंबा
:) कंदीलवालींचा मुद्दा धरूनच सांगतो. हिशोबनीस, 'जावं की नाही' हे नंतर. आधी तिथल्या मुख्याध्यापकांना सरळ विचारा. तुमच्या किंवा तिथल्या पाळकांना नको, मुख्याध्यापकांनाच. खोली कुणी मागितली? बांधकामाचा प्रमुख तिथला गवंडी आहे ना, आणि आमच्या माणसाला 'हात काढ' म्हणायचा अधिकार त्याला आहे ना? पाणी किती लांब? आम्ही गेल्यावर भिंतीला पाणी मारणाऱ्याला मजुरी धरली आहे का? शेवटचं विसरू नका. ती रक्कम फार मोठी नसते, फक्त कुणाच्या डोक्यात येत नाही.

हिशोबनीस
सगळ्यांचे आभार. ओळंबाकाकांचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. उत्तर आलं की कळवते. ज्येष्ठांना अजून सांगितलेलं नाही.

*(तीन आठवड्यांनंतर)*

हिशोबनीस
धागा वर काढतेय.

मुख्याध्यापकांचं उत्तर आलं, दोन पानी, सुवाच्य अक्षरात, फोटो काढून पाठवलेलं. खोल्या हव्यात, पण विचारलं असतं तर आधी शिक्षकांची दोन घरं मागितली असती असं लिहिलंय. झोंबाकर, तुमचं पत्र तर नाही ना ते? चारपैकी दोन शिक्षिका नदीपलीकडून येतात, पावसात जानेवारी-फेब्रुवारी जवळजवळ जातोच. गवंडी गावचेच आहेत, तिघं. हापसा शाळेच्या आवारात आहे, पण पाच महिन्यांपासून बंद. मुली ओढ्यावर जातात.

सभेत वाचून दाखवलं. सुरुवातीला शांतता, मग गदारोळ. एक जण म्हणाले, देणगीदारांना शाळा सांगितली आहे, आता घर कसं सांगणार? संगीतशिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, "मला सोडा, माझं तिकीट पत्र्यांना द्या." त्यांच्यानंतर आणखी चार जण उठले. ते ज्येष्ठ नाहीत उठले. ते जाताहेत.

शेवटी असं ठरलं: चौदाचे नऊ झालो. एक खोली, एक घर. पाणी मारायला दोन माणसांची एका महिन्याची मजुरी धरली, माझ्या हट्टाने. तिरकीट, हिशोब अजूनही तुम्हाला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. सत्तरवरून पन्नासच्या थोडा खाली आणता आला एवढंच.

मी जात नाहीये. मुलगा जातोय. त्याचं तिकीट आम्ही घरून भरतोय, मंडळीच्या निधीतून नाही. घरच्या वहीत त्याची नोंद मी 'सेवा' या सदरात केलेली नाही, 'सहल' या सदरात केली आहे. त्याने ती पाहिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

फुलपात्र
अहो, सतरा वर्षांचा आहे तो! जरा 'सेवा' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हिशोबनीस
परत आल्यावर गवंड्यांना विचारून बदलेन.

ओळंबा
मुलाला विटा भिजवायला लावा. म्हणावं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची, मध्येच काढायची नाही. हापशाचं काय ठरलं?

हिशोबनीस
सील आणि सळी खराब आहे म्हणे. दुरुस्त करणारी बाई गावातच आहे, सामान नाही. सामान मुलाच्या बॅगेतून पाठवणार आहे, दोन किलो तेवढ्यासाठी ठेवलेत.

झोंबाकर
बॅगेतून नको. हापसा बहुतेक आफ्रिडेव्ह असेल, तिकडे तोच सर्रास. त्याचे भाग ब्लँटायरला मिळतात. त्या बाईंना दुकान माहीत असेल, पैसे त्यांच्याकडे द्या. जुलैची वाटही बघायला नको, या आठवड्यातच होईल.

हिशोबनीस
बरं. बॅगेच्या यादीतून काढते.